हवेच्या पाइपावरचा पहारा

पार्सल आलं तेव्हा घरात मी एकटा होतो. पुढचं सगळं त्यामुळेच झालं, असं आमच्या घरात म्हणतात. मी म्हणत नाही.

खोकं लांबट होतं आणि त्यावर चिकटपट्टी दोनदा मारलेली होती. आधी पारदर्शक, तिच्यावर तपकिरी. एकदा नीट बंद केलेलं खोकं कोणी पुन्हा कशाला बंद करील? मी कुरियरवाल्याला हेच विचारलं. तो म्हणाला, "आबा, ओटीपी सांगा." हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, म्हणून मी ओटीपी सांगितला नाही. त्याने रत्नाला फोन लावला, रत्नाने मला लावला, आणि अर्ध्या तासाने खोकं ओट्यावर आलं. तेवढ्या वेळात धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या सगळ्या गल्लीला कळलं की अभिमनआबांकडे काहीतरी आलंय आणि आबा ते घेत नाहीयेत.

रत्ना माझी नात. नरडाण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. कामाला रोज बसने जाते, कारण तिची गाडी रोज वापरायची नाही. ती स्पोर्ट्स कार आहे. लाल, दोन दारांची, इतकी बुटकी की आत बसताना आधी डोकं घालावं की पाय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. उतरताना तर हात द्यायला माणूस लागतो. रत्नाने ती नाशिकहून जुनी घेतली, स्वतःच्या पगारातून. तेव्हा ती नोकरीत नवी होती म्हणून कागद मात्र तिच्या बापाच्या, म्हणजे आमच्या ज्ञानेश्वरच्या नावावर केले. हे लक्षात ठेवा.

खोक्यातून निघाला एक वाकडा चकचकीत पाइप, रबराचे दोन तुकडे, पट्टे, स्क्रू आणि टोपीसारखा निमुळता फिल्टर. रत्नाने समजावून सांगितलं. इंजिनाला हवा लागते. कंपनीने बसवलेला काळा डबा हवा जपून देतो. हा पाइप भरपूर देतो. गाडी थोडी चपळ होते आणि आवाज थोडा वाढतो.

"किती थोडा?" मी विचारलं.

"थोडा म्हणजे थोडा, आबा."

मी अक्षरं शिकलो ती पंचेचाळिसाव्या वर्षी, कापसाच्या जिनिंग फॅक्टरीतल्या प्रौढ वर्गात. उशिरा शिकलेल्या माणसाला छापलेलं अर्धवट वाचून सोडवत नाही. पण खोक्यातला कागद इंग्रजीत होता, म्हणून मी चित्रं वाचली. चित्रात स्क्रू अकरा होते. पिशवीत बारा निघाले. एक कमी असता तर समजलो असतो, चुकून राहिला. पण जास्त? कोणता दुकानदार फुकट स्क्रू देतो, आणि का?

शेजारचे दलिचंद शेठ दुकान नोकरावर सोडून आले होते. त्यांचं कापडाचं दुकान आहे, पण सल्ला ते सगळ्या मालाचा देतात. पाइप हातात घेऊन त्यांनी आरपार बघितलं आणि म्हणाले, "आबा, एक विचारतो. ज्या कंपनीने अख्खी गाडी बनवली, तिला एक पाइप बनवायला जड होतं का? बनवला नाही त्याला काही कारण असेल ना?"

हे मला पटलं. समोरचे प्रेमराजभाऊ म्हणाले, "पाइप बदलण्यापेक्षा गाडीच बदला." हे मला पटलं नाही, कारण प्रेमराजभाऊंचे जावई धनसिंग शिंदखेड्याला असतात आणि दिवाळीत त्यांनी ही गाडी बघितल्यापासून भाऊ रोज सकाळी फिरायला निघाले की गाडीभोवती एक चक्कर मारतात. प्रदक्षिणा देवळात घालावी. गाडीला घालणाऱ्या माणसाच्या मनात काय असतं हे मी ओळखून आहे.

त्या संध्याकाळी जेवताना ज्ञानेश्वरने निकाल दिला. तो कॉलेजात शिकवतो आणि परीक्षेत कॉप्या पकडण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. रविवारी नाशिकजवळच्या एका मैदानावर शर्यत होती. एकेक गाडी खुणांच्या मधून पळवायची आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. रत्नाने नाव दिलं होतं. ती दोन वर्षं याच दिवसासाठी गाडी पुसत होती, हे घरात प्रत्येकाला माहीत होतं.

"जा," ज्ञानेश्वर म्हणाला. "पण हा पाइप बसवल्यावर रविवारच्या आत गाडीत एक जरी दोष निघाला, तरी गाडी धनसिंगरावांना विकायची. सही माझी लागते, मी करीन."

"आणि नाही निघाला तर?" रत्नाने विचारलं.

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

रत्नाने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "चालेल. पण आबा जबाबदार. बसवताना आबा तिथे बसतील. आबांसमोर कोणी चूक करू शकत नाही."

मला असं कोणी कधी म्हणालं नव्हतं. मी त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता एका सरकारी कार्यालयात गेलो. नाव सांगत नाही, कारण त्यांची काही चूक नव्हती. टेबलावरच्या मॅडमनी आदराने विचारलं, "काय काम, आबा?"

"गाडीला हवेचा पाइप बसवायचाय. परवानगी लागते का?"

"रंग बदलताय का गाडीचा?"

"नाही."

"गॅसवर करताय?"

"नाही. पाइप."

"कोणी अडवलं का तुम्हाला?"

"नाही."

"मग विचारायला का आलात?"

"न विचारता बसवला आणि मग अडवलं तर?"

मॅडमनी पलीकडच्या साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "आवाज वाढतो का?" सरकारपुढे मी खोटं बोलत नाही. "थोडा," मी म्हणालो. साहेबांनी पेन उचललं. "मग बसवल्यावर प्रदूषणाचा ताजा दाखला काढा आणि गाडी दाखवायला आणा. नंबर सांगा गाडीचा." मी सांगितला. नुसता सांगितला नाही, त्यांनी बरोबर लिहिलाय का तेही वाकून बघितलं.

घरी रत्नाने कपाळावर हात मारला. "आबा, या जिल्ह्यात आजवर हे कोणी विचारलं नसेल!"

मी ते कौतुक म्हणून घेतलं. चुलीजवळून आमची मंडळी, कमलबाई, म्हणाली, "तुम्हले कोनावरच इस्वास नही." तेही मी कौतुक म्हणूनच घेतलं.

शुक्रवारी सकाळी रत्नाने रजा टाकली आणि आम्ही समाधानच्या गॅरेजात गेलो. समाधान चांगला मेकॅनिक आहे, असं सगळे म्हणतात. सगळे एकच गोष्ट म्हणायला लागले की मी जरा सावध होतो. मी गाडीच्या नाकासमोर स्टूल टाकून बसलो. वही आणली होती. तिच्यात निघालेला प्रत्येक स्क्रू आणि त्याची जागा लिहीत गेलो.

"आबा, चहा घ्या ना," समाधान म्हणाला.

"नको."

"मग पाणी?"

"मला इथून उठवायचं काही कारण?"

समाधानने रत्नाकडे बघितलं. रत्ना आकाशाकडे बघत होती. त्यानंतर त्या माणसाने मान वर केली नाही. मी मध्ये मध्ये विचारत होतो. ही वायर का काढली? काढली ती परत तिथेच कशावरून लागेल? हा पान्ना तुझा की आमच्या गाडीतला? एकदा तो म्हणाला, "आबा, तुम्हीच बसवता का?" मी म्हणालो, "मी बसवला तर लक्ष कोण ठेवील?"

पाइप बसला. जुना काळा डबा मी मांडीवर घेऊन आलो, कारण गॅरेजात ठेवला तर संध्याकाळी तो कोणाच्या गाडीत असता सांगता येत नाही. बारावा स्क्रू उरला. तो मी खिशात टाकला आणि समाधानला विचारलं, "हा कुठला?" तो म्हणाला, "जास्तीचा देतात, आबा. हरवला तर असावा म्हणून." फारच सरळ उत्तर होतं.

प्रदूषणाचा दाखला पहिल्या झटक्यात मिळाला. कार्यालयात नेली तर साहेब खिडकीतूनच म्हणाले, "सुरू करा. हं. ठीक आहे, न्या." खाली आले नाहीत, बॉनेट उघडलं नाही, काही नाही. मी विचारलं, "साहेब, न बघता ठीक कसं?" रत्नाने माझा हात धरून मला गाडीत कोंबलं.

न बघता पास झालेल्या गोष्टीवर मी कसा विश्वास ठेवणार? साहेबांनी बघितलं नाही म्हणून मलाच बघावं लागलं. दुपारी रत्ना जेवून जरा पडली, तेव्हा मी बॉनेट उघडलं.

आणि बघतो तर काय, फिल्टर उघडा होता! जुना निदान डब्यात बंद असायचा. हा तोंड उघडं टाकून बसलेला. हे दिवस कापसाचे. हायवेवर कापसाने भरलेल्या ट्रॉल्या चाललेल्या, रुई उडतेय, रस्त्याच्या कामाची धूळ वेगळीच. आणि ही गाडी उघड्या तोंडाने नाशिकला जाणार!

आता मी मेकॅनिक नाही, पण जिनिंग फॅक्टरीत चाळीस वर्षं मोठं डिझेल इंजिन माझ्या हाताखाली होतं. हंगामात तिथे हवेपेक्षा रुई जास्त. आम्ही काय करायचो? इंजिनाच्या हवेच्या तोंडावर जुन्या धोतराचं फडकं तिहेरी करून, तेलात बुडवून, पिळून बांधायचो. सगळी रुई त्या फडक्याला चिकटायची आणि इंजिन आत निवांत. धुळ्यापासून जळगावपर्यंत ज्या माणसाने जिनिंगमध्ये काम केलंय त्याला विचारा, तो हेच सांगेल. चाळीस वर्षांत माझं इंजिन एकदाही खोकलं नाही.

मी कमलबाईच्या फडताळातून शेंगदाण्याचं तेल घेतलं. फडकं तिहेरी केलं, बुडवलं, पिळलं आणि फिल्टरच्या टोपीवर घट्ट बांधलं. सुतळीच्या दोन गाठी मारल्या. कोणाला बोललो नाही. चांगलं काम बोलून दाखवायचं नसतं, आणि बोललो असतो तर प्रत्येकाने आपली गाठ सुचवली असती.

शनिवारी सकाळी आठला रत्ना आणि मी गाडी चालवून बघायला निघालो. ज्ञानेश्वर ओट्यावर पेपर घेऊन बसला. पेपर उलटा नव्हता, पण तो वाचतही नव्हता.

गल्लीतून ठीक गेलो. हायवेला लागल्यावर रत्नाने पाय दाबला आणि गाडी खोकली. पुन्हा दाबला, पुन्हा खोकली. चाळीसच्या पुढे काटा जाईना. मग समोर काट्यांजवळ इंजिनाचा पिवळा दिवा लागला.

"आबा," रत्ना म्हणाली, "तुम्हाला भज्यांचा वास येतोय का?"

"पुढे हॉटेल असेल."

हॉटेल नव्हतं. वास आमच्याबरोबर चालला होता. मागून एक ट्रॅक्टर आला, मागे कापसाची ट्रॉली, वर दोन बाया बसलेल्या. तो आम्हाला ओलांडून पुढे गेला. वरच्या बायांनी स्पोर्ट्स कारकडे बघितलं आणि एकीने पदर तोंडाला लावला. रत्नाने तिथेच गाडी वळवली.

गल्लीत शिरलो तेव्हा पिवळा दिवा चालू, इंजिन धापा टाकतंय आणि सगळ्या देवपुरात शेंगदाण्याच्या तेलाचा घमघमाट. कमलबाई दारात आली. "हाई गाडी शे का भजासनी कढई?"

ज्ञानेश्वर उठला. आत डोकं घालून त्याने दिवा बघितला, आणि कॉपी सापडल्यावर करतो तसा शांत चेहरा केला. "दोष आहे," तो म्हणाला, आणि फोन काढून चालू लागला. प्रेमराजभाऊंना तो समोरच्या ओट्यावर दिसत होता, तरी त्याने फोन केला. "धनसिंगरावांना म्हणावं चार वाजता या."

मी ओट्यावर बसलो आणि कोणी केलं असेल याचा विचार सुरू केला. आधी समाधान. पण समाधानचा प्रत्येक स्क्रू माझ्या वहीत होता. मग प्रेमराजभाऊ. सकाळच्या चकरेत हात घातला असेल! पण बॉनेट आतून उघडतं आणि किल्ली माझ्या उशाखाली होती. मग ते कार्यालयातले साहेब. पण ते खिडकीतून हललेच नव्हते. मग कुरियरवाला, दोन चिकटपट्ट्या, बारावा स्क्रू. दलिचंद शेठांनी पाइपातून आरपार बघितलं होतं, तेही मी सोडलं नाही. एकेक नाव खोडता खोडता दुपार झाली आणि शेवटी एकच माणूस उरला, ज्याने काल दुपारी सगळे झोपलेले असताना बॉनेट उघडलं होतं. त्याच्यावर संशय घ्यायची मला सवय नव्हती.

मी उठून बॉनेट उघडलं. फडकं फिल्टरला असं चिकटलं होतं की श्वास घ्यायला तिळाएवढी जागा नव्हती. आमचं जिनिंगचं इंजिन म्हशीसारखं सावकाश चालायचं, त्याला चाललं. याला कसं चालेल? मी गाठी सोडल्या आणि फडकं सदऱ्याच्या आत लपवलं.

खरं सांगतो, गप्प बसायचा विचार मनात आला होता. चाळीस वर्षांचं नाव होतं. पण रत्ना गाडीतून तिच्या वस्तू काढत होती. गॉगल, पाण्याची बाटली, पुसायचं पिवळं फडकं. पिशवीत भरत होती आणि रडत नव्हती. रडली असती तर मला जरा सोपं गेलं असतं.

मी ज्ञानेश्वरसमोर जाऊन उभा राहिलो. तेलाचा डाग सदऱ्यावर पसरला होता. "गाडीत दोष नाही. मी तेलाचं फडकं बांधलं होतं फिल्टरला. हे बघ."

त्याने फडकं बघितलं. मला बघितलं. "खोटं."

"काय?"

"आबा, दर परीक्षेत एकजण मित्राची चिठ्ठी आपली म्हणून सांगतो. मला ओळखू येतं. चाळीस वर्षं इंजिन सांभाळलेला माणूस हवेच्या तोंडाला बोळा मारील? आणि तुम्ही? जो समाधानला पान्न्याचा हिशेब विचारतो तो? नातीसाठी अंगावर घेताय."

"अरे, मी मारला बोळा!"

"तुम्ही आयुष्यात कोणावर विश्वास ठेवला नाहीत," ज्ञानेश्वर म्हणाला, "आणि मी तुमच्यावर ठेवू?"

मी समाधानला फोन लावून साक्ष मागितली. तो म्हणाला, "आबा, तुम्ही? शक्यच नाही." कमलबाईला विचारलं, तेल कमी झालंय की नाही ते बघ. ती म्हणाली तेल रोजच कमी होतं. आयुष्यभर मला वाटायचं लोकांनी माझ्या शहाणपणावर विश्वास ठेवावा. आज सगळे ठेवत होते आणि पोरीची गाडी चालली होती.

"मग करून दाखवतो," मी म्हणालो. "तुझ्यासमोर बांधतो. तू चालव."

"रत्ना चालवील."

"रत्ना मुद्दाम हळू चालवील असं म्हणशील. तूच चालव."

हे त्याला पटलं, कारण त्यात संशय होता. एव्हाना दलिचंद शेठ आले होते, प्रेमराजभाऊ आले होते, आणि बोलावल्या वेळेच्या तासभर आधीच धनसिंगरावही शिंदखेड्याहून येऊन उभे होते. त्या सगळ्यांसमोर मी बॉनेट उघडून, फडकं पुन्हा तेलात बुडवून, माझ्या हाताने फिल्टरला बांधलं. माणसाने आपला मूर्खपणा एकदा करावा हे समजू शकतं. दुसऱ्यांदा, सावकाश, शेजाऱ्यांना नीट दिसेल असा करावा लागणं, ही शिक्षा मी कोणाला देणार नाही.

"गाठ अजून घट्ट करा," दलिचंद शेठ म्हणाले.

ज्ञानेश्वर या गाडीत पहिल्यांदाच बसत होता. आधी डोकं घालावं की पाय, हे त्यालाही कळलं नाही. आम्ही हायवेला लागलो. गाडी खोकली, चाळीसला अडकली, भज्यांचा वास आला. अगदी सकाळसारखं. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

"थांब बाजूला," मी म्हणालो. त्याने मला हात देऊन बाहेर ओढलं. मी फडकं सोडून त्याच्या हातात दिलं, त्याने ते पुन्हा पुन्हा उलटून बघितलं आणि मागे टाकलं. परत बसलो. पिवळा दिवा अजून होता, पण रत्नाने सांगितलं होतं की तो नंतर यंत्र लावून विझवावा लागतो.

ज्ञानेश्वरने हलकेच पाय ठेवला. गाडीने मोठा श्वास घेतला. खरंच घेतला, पुढून आत ओढल्याचा आवाज आला, आणि मग खर्जातला एक हुंकार निघाला, छातीत घुमणारा. काटा चाळीसवरून कधी उठला ते मला दिसलं नाही. सकाळचा तो ट्रॅक्टर ट्रॉली रिकामी करून परत चालला होता, तो मागे गेला.

"झालं सिद्ध?" मी विचारलं. "वळव आता. लोक थांबलेत."

"एकदा बघून काही सिद्ध होत नाही, आबा."

वळायची जागा आली आणि गेली.

"ज्ञाना, वळायचं होतं."

"गरम झाल्यावर काय करते ते बघायला नको?" त्याने गिअर बदलला, हुंकार पुन्हा आला, आणि त्याच्या तोंडाचा कोपरा हलला. कॉलेजात लागल्यापासून तो कोपरा मी हललेला बघितला नव्हता. दुसरी वळायची जागाही गेली. चढावर कशी ओढते ते बघायचं होतं म्हणे.

त्याचा फोन वाजला. प्रेमराजभाऊ. त्याने मला उचलायची खूण केली.

"आबा, कुठे आहात? जावई उभे आहेत."

"काय सांगू?" मी ज्ञानेश्वरला विचारलं.

"सांगा, तपासणी चालू आहे."

"तपासणी चालू आहे," मी म्हणालो. "ज्ञानेश्वर दोष शोधतोय. अजून सापडलेला नाही."

"किती वेळ लागेल?"

मी पुन्हा त्याच्याकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "आजचा दिवस जाईल. उद्या नाशिकला मैदानावर बघावं लागेल. तिथे जाणकार असतात."

पलीकडे गडबड झाली आणि फोनवर रत्नाचा आवाज आला. तिने सगळं ऐकलं असावं, कारण ती काहीच विचारत नव्हती. "आबा," ती म्हणाली, "बाबांना सांगा, उद्यासाठी टाकीत थोडं तरी पेट्रोल ठेवा."

मी सांगितलं. ज्ञानेश्वरने मान हलवली, आणि नरडाणा मागे गेलं.